गोलपोस्टला बांधलेलं तोरण

मित्रांनो, जवळ या. पण अंगाला हात लावण्याआधी काय काम काढलंय ते सांगा. मी कुंभार पिंपळगावच्या मैदानावरचा जुना लोखंडी गोलपोस्ट आहे आणि पक्का संशयी आहे. यात माझा दोष नाही. जन्मभर जो माझ्यासमोर आला तो डावीकडे बघत आला आणि उजवीकडे मारून गेला. अशानं कुणावर विश्वास बसेल, तुम्हीच सांगा.

माझं लोखंड जालन्याचं. तिथल्या भट्टीत मोडक्या खाटा, गंजलेले नांगर, फुटक्या बादल्या वितळल्या आणि त्यातून मी निघालो. ती धग मी अजून विसरलेलो नाही. मला आणि माझ्या जोडीदाराला ट्रॅक्टरवरून इथं आणलं, तेव्हा नवयुवक फुटबॉल क्लबची पोरं पुढं नाचत होती. मैदानाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तो. सुरुवातीला आमचे भारी लाड झाले. दिवाळीला पांढरा रंग, मॅचला नवी जाळी. आष्टीचा संघ आला की माणसं झाडावर चढून बसायची.

मग दिवस फिरले. वर्गणी देणारे क्रिकेटकडं वळले. माझी जाळी कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला नेली. बाजाराच्या दिवशी मला शेळ्या बांधायला लागले. तेही सोसलं. पण राजानंद क्लबचा मॅनेजर झाला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. बोलायला फार गोड होता हो! त्याच्या हाताखाली क्लब एकही मॅच जिंकला नाही. हा मुद्दाम हरवतो, अशी पोरं आपसात कुजबुजायची.

शेवटी अध्यक्ष काकासाहेबांनी मैदानातच बैठक घेतली. क्लबवर उधारी झाली आहे, तेव्हा क्लब बंद करावा आणि दोन्ही गोलपोस्ट भंगारात घालावेत, असं त्यांनी सांगितलं. राजानंदनं नुसती मान हलवली. म्हटलं, झालं, हाही त्यांनाच सामील.

चार दिवसांत तो सुतळी घेऊन आला. माझी रुंदी मोजली, उंची मोजली. ट्रॉलीत मावतो का ते बघत असणार, दुसरं काय? पोळ्याच्या आदल्या दिवशी पहारी घेऊन पोरं आली आणि मला उपटून ट्रॉलीत घातलं. जोडीदार लांबून बघत होता. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मी फार घाबरलो.

ट्रॉली थांबली गावच्या वेशीत. तिथं मला उभं करून पुरलं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या चतुराबाईंनी मला हळदकुंकू लावलं आणि आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. बकऱ्याला कुंकू कशाला लावतात ते मला ठाऊक आहे, म्हणून मी आणखीच धास्तावलो.

मग लोकांच्या बोलण्यातून उलगडा झाला. पोळ्याचं तोरण वेशीतल्या दोन लिंबांना बांधायचे. रस्ता रुंद करताना लिंब गेले आणि यंदा तोरण कुठं बांधायचं हा घोर गावाला पडला होता. राजानंदनं माझं नाव सुचवलं. ती सुतळी होती सजवलेली बैलजोडी माझ्यातून बराबर जाईल का ते बघायला.

वाजंत्री वाजली. चतुराबाईंची मानाची जोडी झुली मिरवत माझ्याखालून गेली आणि पोळा फुटला. मागोमाग गावाचे सगळे बैल आले, काकासाहेबांचेसुद्धा. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडं सरळ बघत सरळ आत गेलं.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब भंगारवाल्याला घेऊन आले. चतुराबाई मला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"काकासाहेब, याच्याखालून बैल गेलेत. तुमचे बी गेलेत. आता याला भट्टीत घालता का?"

काकासाहेब भंगारवाल्याकडं वळले. म्हणाले, "ह्याला सोड, बाबा."

ह्याला सोड, एवढंच म्हणाले. मला परत मैदानावर आणलं तेव्हा समोरच्या टोकाला दोन खड्डे होते. माझ्या जोडीदाराखालून एकही बैल गेला नव्हता.

संध्याकाळी राजानंद एकटाच आला आणि माझ्या खांबाला टेकला.

"दोघायला वाचवायचं होतं रे," तो म्हणाला. "वेशीत जागा एकालाच व्हती."

हा खरं बोलतो की एकाचा सौदा करूनच आला होता, याचा मी अजून विचार करतो. पण बोलताना तो माझ्याकडं सरळ बघत होता.

क्लब अजून आहे. किती दिवस, ते कुणी सांगत नाही. पोरं समोर दोन दगड ठेवून खेळतात. मित्रांनो, तुमच्या गावात असं काही जुनं उभं असेल, तर त्याला आत्ताच रंग द्या. कुंकू लागायची वाट बघू नका. माझ्या जोडीदाराला ते लागलंच नाही.