मेणकेचं ‘तुम्ही’

कवळ्या बनवणाऱ्या त्या जागेला कारखाना म्हणणं म्हणजे जरा जास्तच. औषधाच्या दुकानावरची एक लांबट खोली, खिडकीशी टेबलं, कोपऱ्यात पॉलिशचं घरघरणारं यंत्र आणि फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. नवखा माणूस दचकायचा. ताईला मात्र त्या जबड्यांसमोर डबा उघडल्याशिवाय जेवण जायचं नाही, इतकी वर्षं तिनं तिथं काढली होती.

आधीचे मुख्य निवृत्त झाले तेव्हा मालकांनी डोळे झाकून ताईला त्यांच्या जागी बसवलं. हात बघावा तर तिचाच. एकच खोड होती. दुसऱ्यानं केलेलं काम तिच्यानं जसंच्या तसं सोडवत नसे. संध्याकाळी सगळे गेले की ती एकेक कवळी उचलायची. इथं जरा घास, तिथं जरा वळव, असं करून ठेवायची आणि कुणाला चकार शब्द सांगायची नाही. तिच्या लेखी ही माया होती. झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करताना आई काय त्याला उठवून सांगते?

अशात एका सकाळी मालक धापा टाकत जिना चढून वर आले.

“ताई, मेणका सोडून चाललीय. महिनाअखेरीला.”

मेणात दात बसवायचं काम करायची म्हणून ती मेणका. नाव ठेवलं पॉलिशवाल्या काकांनी. दिसायला अप्सरा वगैरे नव्हती, पण मेण तिचं ऐकायचं. ताईनंच तिला हाताला धरून शिकवलेलं. धाकट्या बहिणीला रागवावं तसं रागवलेलं, आणि डब्यातला चांगला घास आधी तिच्या झाकणात वाढलेला. ताईनं हातातली कवळी खाली ठेवली.

“का पण?”

“दाताच्या कण्या केल्या मी. सांगतच नाही. घराजवळ काम मिळालंय म्हणते, बस. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?” मालकांनी खिशातून एक कागद काढला. “तुम्ही या एका दिवसाच्या वर्गाला जाऊन या. माणसं कशी सांभाळावीत ते शिकवतात म्हणे.”

“मी काय केलंय माणसांना?” ताई फणकारली. पण गेली. मेणका राहणार असेल तर ती दोरीवर चालायलाही शिकली असती.

वर्गात एका गुळगुळीत दाढी केलेल्या गृहस्थांनी भावनिक बुद्धिमत्तेवर दिवसभर भाषण दिलं. ताई बराच वेळ त्यांच्या खालच्या दातांची गर्दी बघत होती, पण एक गोष्ट तिनं पक्की लक्षात ठेवली: रोज सकाळी प्रत्येकाला विचारा, मन कसं आहे. दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचून सुरुवात केली.

“काका, आज कसं वाटतंय तुम्हाला?”

“गुडघा धरलाय.”

“मनाचं विचारतेय मी.”

“मनही सध्या गुडघ्यातच आहे,” काका म्हणाले आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.

ताई मेणकेकडे वळली. “आणि तुला गं?”

“छान वाटतंय. तुम्ही म्हणाल तसं करू.” मेणकेनं मानही वर केली नाही.

ताईला बरं वाटलं. दुपारी ती काकांना म्हणालीसुद्धा, “बघा, किती मान देते. मी मुख्य झाल्यापासून एकदा ‘तू’ म्हणाली नाही मला.”

काका तिच्याकडे वळले. “अगं, पूर्वी काय म्हणायची?”

“पूर्वी काय, ‘ताई, तू गप्प बस’, ‘ताई, तुझं चुकतंय’...”

“मग? आपल्या माणसानं अहो-जाहो सुरू केलं तर समजावं, त्यानं आतून कडी घातली. तुला तो मान वाटला होय?”

ताईनं डबा झाकून ठेवला. इतके दिवस जे अंगावर मिरवलं ते भलतंच निघालं होतं. पण कडी कशापायी घातली, ते काकांनाही सांगता येईना.

ते कळलं एका आजींमुळे. जिना चढून आलेल्या आजींनी रुमालातून एक नवी कोरी कवळी काढली आणि ताईच्या टेबलावर ठेवली.

“बाई, दात सुरेख आहेत हो. पण हे आमच्या ह्यांचे नव्हेत. हे हसले की कुणी परका घरात शिरल्यासारखं वाटतं. काल आरशात बघून स्वतःलाच ‘कोण आपण?’ म्हणाले.” मग त्या मेणकेकडे वळल्या. “ह्यांचा पुढचा एक दात दुसऱ्यावर जरासा चढलेला, लग्नाच्या आधीपासूनचा. या मुलीनं मुद्दाम जुना फोटो मागून घेतला होता. म्हणाली होती, तस्साच करते आजी.”

ताईला ती संध्याकाळ लख्ख आठवली. मेणातले पुढचे दोन दात वाकडे दिसले. हल्ली पोरीचं लक्ष नाही, असं वाटलं. कुणी तिला बोल लावू नये म्हणून ताईनंच ते सरळ केले होते.

“माझी चूक झाली आजी,” मेणका शांतपणे म्हणाली. “मी बदलून देते.”

ताई गप्प राहिली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं, आणि महिनाअखेरीला मेणकाही गेली असती.

“तिची नाही,” ताई म्हणाली. “मी सरळ केले. तिला न विचारता.”

“का?” मेणकेनं हातातली सुरी खाली ठेवली.

“मला वाटलं, चुकलं असेल तुझं.”

“मग विचारलंस का? एकदा तरी विचारलंस? रोज सकाळी येऊन बघते तर माझं काम बदललेलं! काल मी काय चुकले ते शोधत बसते, आणि सापडत नाही गं! हात नासलाय का माझा? नासला असेल तर तोंडावर सांग ना, ताई!”

काकांनी यंत्र बंद केलं. आजी खुर्चीत सरसावून बसल्या.

वर्गात अशा वेळी बोलायची वाक्यं शिकवली होती. ताईला त्यातलं एकही आठवेना. “नासला नाही गं,” ती कशीबशी म्हणाली. “माझ्यापेक्षा हलका आहे तुझा हात. कुणी तुला नावं ठेवू नयेत, म्हणून मी...”

“जगानं ठेवलेली परवडली असती मला. तू रोज न बोलता ठेवत होतीस.”

हे मात्र आरपार गेलं. ताईचे डोळे भरून आले. “चुकलं माझं,” ती म्हणाली, आणि पुढे काही न जोडता गप्प राहिली. तिच्या जन्मात असं पहिल्यांदाच घडलं असावं.

मेणकेनं नाक पुसलं, कवळी उचलली आणि कामाला लागली. मेणात असताना हे चुटकीसरशी झालं असतं. आता दात कापून काढायचे आणि पुन्हा बसवायचे होते. ताई शेजारी बसली. मध्येच तिचा हात पुढे गेला.

“हात!” मेणका ओरडली.

ताईनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि काम होईपर्यंत तशीच बसून राहिली.

आजोबा खालच्या पायरीवर रुमालानं तोंड झाकून बसले होते. त्यांना वर आणलं, कवळी बसवली. ते हसले. आजी त्यांची कॉलर उगाचच नीट करत म्हणाल्या, “चला आता, किती वेळ दात काढत उभे राहणार?” आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

ते गेल्यावर मेणकेनं हात धुतले, पिशवी खांद्याला लावली आणि दारातून मागे वळली.

“आणि ऐक. माझ्या टेबलाला परस्पर हात लावायचा नाही. काही वाटलं तर तोंड आहे ना? आणि पुढच्या महिन्यात त्या गाणाऱ्या बाईंची कवळी येणारेय, ती मी करणार. तू मध्ये पडायचं नाहीस. आत्ताच सांगून ठेवते!”

धाडधाड पाय आपटत ती जिना उतरून गेली.

काका गुडघा चोळत बसले होते. “मग राहणार की जाणार? त्याचं काही बोललीच नाही बाई.”

“राहणार,” ताई म्हणाली. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

“कधी म्हणाली असं?”

“अहो काका, पुढच्या महिन्याचं भांडण आत्ताच करून गेली की!”