तंबूले कोण नाही म्हणन?

"बंदुका असत्या तं समजलो असतो. हे तंबू आहेत बे, तंबू! जगाच्या पाठीवर तंबूले कोण नाही म्हणन? शुक्रवारी ट्रक बंदरावर. नाही पोचला तं मिशी उतरवून देईन."

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका गोदामाचा मॅनेजर बाबूलाल हमालांपुढं असं गरजला आणि त्यानं कवडू ड्रायव्हरच्या ट्रकपुढं नारळ फोडला. शुक्रवार आला, गेला. ट्रक वाडीतच होता. मिशी नव्हती.

तंबू एका मदत संस्थेचे होते, पाचशे. आफ्रिकेतल्या एका शहराला तिथल्याच फौजेनं वेढा घातला होता. दवाखाने पाडून झाले, आता शाळा पाडणं चालू होतं. आत काही न्यायचं तर नाका उघडायला पाहिजे आणि नाका उघडायचा तर जगातल्या सगळ्यात बड्या सभेचा ठराव पाहिजे.

बाबूलालला जगाच्या भानगडींशी काही घेणं नव्हतं. पण त्या शहरात इद्रिस होता. नागपुरात फार्मसी शिकताना हा पोरगा बाबूलालच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. बाबूलालच्या बायकोच्या, पुष्पलताबाईच्या, हातचा झणझणीत सावजी रस्सा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा घळाघळा रडला, आणि दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन परत दारात उभा. आता तो शाळेच्या मैदानात, उघड्यावर, जखमींना सांभाळत होता. फोनवर त्याचा आवाज यायचा, "काका, पाचशे तंबू कमीच पडतीन जी. पण चालवून घेऊ. लवकर पाठवा, इथं ऊन लय मारून राहिलं."

शुक्रवारी संस्थेच्या दिल्ली ऑफिसातून मयुरी मॅडमचा फोन आला.

"ठराव पडला. चौदा जण हो म्हणाले, एक नाही म्हणाला."

"मंग झाला ना जी पास!"

"नाही. सभेतल्या पाच बड्या देशांपैकी एकानं जरी नाही म्हटलं, तरी ठराव पडतो."

"पण तंबू अडवणं कायद्यात बसते काय?"

"अजिबात नाही. कायदा अगदी स्पष्ट आहे. तो गुन्हा आहे."

"मंग?"

"मग गुन्हा आहे," मयुरी मॅडम म्हणाल्या.

कवडूला हे समजावताना बाबूलालचा घसा बसला. "जो बॉम्ब टाकून राहिला, त्याचाच दोस्त नाही म्हणते."

"आमच्या गावात असंच होतं," कवडू म्हणाला. "ज्याच्या बैलानं वावर खाल्लं, त्याचाच मामा सरपंच. पण त्याले आम्ही पाडला. याइले पाडता नाही येत काय?"

"त्याच्यासाठी ठराव लागते म्हणे. अन् त्याले पण हेच पाच जण नाही म्हणू शकते."

"वा रे वा! गावापेक्षा भारी आहे."

आता पंचाईत ट्रकची. नारळ फुटलेली गाडी रिकामी करायची नसते, असं कवडूचं शास्त्र. शेवटी प्रस्थान ठेवायचं ठरलं. ट्रक गोदामातून काढून समोरच्या चहाटपरीशी उभा केला. प्रवास सुरू झाला होता, फक्त पुढं जायचं राहिलं होतं.

दुसऱ्या ठरावातून "तीव्र चिंता" मधलं "तीव्र" काढलं. कोणाला लागू नये म्हणून. या खेपेला दुसऱ्याच बड्यानं नाही म्हटलं, कारण ठराव आधी नाही म्हणणाऱ्यानं मांडला होता. त्या खेपेला फोडलेला नारळही कुजका निघाला. तिसऱ्यात चिंताही काढली. तोही पडला. त्या तीन महिन्यांत टपरीवाल्यानं ट्रकला दोरी बांधून त्यावर कपडे वाळत टाकायला सुरुवात केली.

मधे इद्रिसचा निरोप आला. "काका, दोनशे तंबू असले तरी पुरतीन."

बाबूलाल खूश झाला. "पाह्य! गरज कमी होऊन राहिली."

कवडूनं खर्रा गालात सरकवला. "गरज काहून कमी होईन भाऊ? माणसं कमी होऊन राहिली."

बाबूलाल त्या दिवशी जेवला नाही. त्यानंतर निरोप आला पन्नासचा. मग दहाचा. मग एक दिवस इद्रिस अगदी हळू बोलला, "काका, एक पुरे. लहान असला तरी चालन जी." त्यानंतर निरोप आला नाही. बाबूलालनं फोन लावले, पुष्पलताबाईनं लावले. लागत नव्हता.

तेवढ्यात ताराचंद उगवला. वस्तीतला नेता, कुठंही अन्याय झाला की याला माइक लागायचा. "काका, निषेध सभा घेऊन राहिलो! वाडीचा आवाज पार तिकडं गेला पाहिजे. खुर्च्या भाड्यानं आणल्या, पण स्टेजवाला लग्नाच्या सीझनमधी सापडून नाही राहिला. तुमचे तंबूचे गठ्ठे द्या, एकाले एक लावून त्याइचंच स्टेज करू."

एरवी बाबूलालनं त्याला हाकलला असता. पण काहीच न करणं आता त्याला सहन होत नव्हतं. "गठ्ठे उघडायचे नाही," एवढंच तो म्हणाला. ट्रक मैदानात गेला, गठ्ठे उतरले, वर सतरंजी, त्यावर सोफा. सात पाहुणे तंबूंवर उभे राहून तंबू अडवणाऱ्यांचा निषेध करू लागले. समोर शेकडो लाल खुर्च्या. बसायला बारा माणसं आली.

चौथ्या भाषणाला फोन वाजला.

"पास झाला!" मयुरी मॅडम ओरडल्या. "एकमतानं! कोणाचीही हरकत नाही. परवा जहाज सुटतंय, आत्ताच्या आत्ता निघा."

"काहून जी?" बाबूलालनं विचारलं. "आज काहून हरकत नाही?"

"शहर रिकामं झालंय," त्या म्हणाल्या. "आत कोणी राहिलं नाही."

बाबूलाल मैदानातच परत इद्रिसला फोन लावत बसला. "कवडू, गाडी भर," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. कवडूनं ताराचंदच्या पोरांना सांगितलं, गाडी भरा, आणि तो डिझेल मोजायला गेला. स्टेजवर भाषण चालूच होतं. पोरांना समोर जे दिसलं ते त्यांनी भरलं, ताडपत्री ओढली, दोऱ्या आवळल्या.

बंदरावर ताडपत्री सोडली तेव्हा आत खुर्च्या निघाल्या. जहाज सुटायला आलं होतं आणि कागदांवर सगळ्यांच्या सह्या होत्या, म्हणून त्याच चढवल्या.