भुजंगआबांचा न संपणारा पहारा

टेंभुर्णीच्या हरिनाम सप्ताहात वीणा जमिनीवर टेकवायची नसते. सात दिवस ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि कुणाकडून कुणी घ्यायची यावरून दरवर्षी देवादेखत प्रकरण हातघाईवर येतं. ज्याच्याशी अबोला त्याच्याकडून वीणा घेणार कोण? म्हणून यंदा समितीचे अध्यक्ष झुंबरलाल शेट भुजंगआबांच्या हरिओमला म्हणाले, जालन्यात कॉम्प्युटरपुढं बसून पगार खातोस, गावासाठी एवढं कर. हरिओमनं प्रोग्राम लिहून दिला. ज्याचा ज्याच्याशी अबोला असेल त्यानं तो मोबाइलवर नोंदवायचा, आणि दर तासाला प्रोग्राम मंदिरातल्या टीव्हीवर पुढच्या माणसाचं नाव पुकारणार, वीणा धरलेल्याशी अबोला नसलेल्याचंच. गावानं अबोले अशा हौसेनं नोंदवले की मतदानालाही एवढा उत्साह दिसत नाही. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला आणि ठराव झाला, की सप्ताह अखंड तर प्रोग्रामही अखंड. तो मध्येच बंद करायचा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी हरिओमच्या आईचा, नंदाबाईंचा, फोन आला. आबा सकाळपासून वीणा घेऊन उभेच होते. तास भरला की टीव्ही पुन्हा त्यांचंच नाव घ्यायचा. सत्तरी गाठलेला माणूस, गुडघे आधीच कामातून गेलेले, आता पाय सुजून टम्म झाले होते. पण दुसऱ्याचं नाव निघाल्याशिवाय वीणा उतरवणार नाही म्हणून हटून बसले होते, म्हणजे उभे होते. देवानंच निवडलंय म्हणत बायका त्यांच्या पाया पडून जात होत्या. बापाला असं ताटकळत ठेवणारा प्रोग्राम हरिओमनंच लिहिला होता.

बंद करायची सोय नव्हती. तेव्हा उरला एकच उपाय, चालू प्रोग्रामला लांबूनच डीबगर लावायचा. म्हणजे जालन्यातल्या लॅपटॉपवरून टेंभुर्णीतल्या कॉम्प्युटरच्या डोक्यात शिरायचं आणि सांगायचं, पुढचं नाव निवडायच्या ओळीवर आलास की थांब, मला आत काय चाललंय ते बघू दे. डीबगर लागला, तास भरला, प्रोग्राम शहाण्यासारखा थांबला. त्याच्याबरोबर टीव्हीवरचं घड्याळही थांबलं.

लगेच झुंबरलाल शेटचा फोन. थांबला म्हणजे सप्ताह मोडला का? हरिओमनं सांगितलं, मोडला नाही, नुसता श्वास रोखून उभा आहे. समितीनं जागच्या जागी बैठक घेतली आणि निकाल दिला, की घड्याळ पुढं गेलेलं नाही, म्हणजे तास संपलेला नाही, तेव्हा कुणी पुढं जायचं नाही. टाळकरी तीच एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणू लागले. पंगतीतला वाढपी आमटीचा पळा पत्रावळीवर तसाच धरून राहिला.

इकडे हरिओमनं आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. प्रोग्राममध्ये चूक कुठेच नव्हती. यादीतल्या प्रत्येकाचा आबांशी अबोला होता. कुणाशी बांधावरून, कुणाच्या लग्नातल्या जेवणाला नावं ठेवली म्हणून. आबांची जीभच तशी. शेवटचा मित्र उरला होता तातेराव. त्यानं सकाळी आबांच्या गळ्यात वीणा घातली आणि आबा त्याला म्हणाले, तुझा गळा म्हणजे फवारणीचा पंप. तातेरावनं तिथंच खिशातून मोबाइल काढला. तेव्हापासून आबांशी अबोला नसलेला एकच माणूस प्रोग्रामला सापडत होता, खुद्द आबा.

थांबलेल्या प्रोग्राममधला तातेरावचा अबोला खोडायला हरिओमला एक बोट पुरलं असतं. पण नाव निघालं म्हणून तातेराव थोडाच हात पुढं करणार होता! हरिओमनं आईला फोन आबांच्या कानाला लावायला सांगितला.

"आबा, तातेरावकाकांशी बोला. न्हाई तर हे पुढं सरकत न्हाई."

"मरंन, पण बोलणार न्हाई."

"मंग मी बी सोडत न्हाई. राहा उभे."

बापाशी या आवाजात तो जन्मात बोलला नव्हता. एरवी आबा अर्ध्या वाक्यावर पायात चपला सरकवून शेताकडं निघून जायचे. आज गळ्यात वीणा होती. फोनमधून तीच ओळ येत राहिली, आणि मग आबांचा पडलेला आवाज आला.

"तातेराव, टाळ जोरात वाजून राह्यले ना, मंग तुझा गळा बरा लागतो."

तातेरावला ते डोक्यावरून पाणी झालं. आबांच्या तोंडून एवढं कौतुक गावात कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. त्यानं हात पुढं केले. हरिओमनं अबोला खोडला आणि प्रोग्राम पुढं सोडला. घड्याळ हललं, आमटी पत्रावळीत पडली, टीव्हीनं तातेरावचं नाव पुकारलं. आबा खांबाला टेकून खाली बसले, नंदाबाई त्यांचे पाय चोळू लागल्या, आणि जालन्यात ऑफिसात सगळ्यांदेखत हरिओमला रडू आलं.

डीबगर काढायला त्यानं हात नेला तेवढ्यात पडद्यावर एक नवी नोंद उमटली. अबोला: भुजंग, हरिओमशी. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं मोबाइलवर काही लिहिलं होतं. खोडायला याही वेळी एक बोट पुरलं असतं. हरिओमनं नोंद राहू दिली, डीबगर काढला आणि टेंभुर्णीची एसटी गाठायला निघाला. फोनवर आबा आता काही बोलणार नव्हते.