धाकटीचा फोन मी घ्यायचो

मी मॉडेम बोलतोय. किंचाळतोय म्हणालात तरी राग नाही. माझं बोलणं सुरू झालं की ताईंचे यजमान उठून दार लावून घ्यायचे. एका कॉम्प्युटरचं म्हणणं टेलिफोनच्या तारेवरून दुसऱ्याला सांगायचं, हे माझं काम. सूर जुळेपर्यंत थोडा आरडाओरडा होतोच.

ताई आणि त्यांची धाकटी बहीण मिळून कापडावर छापायचे नमुने करायच्या. धाकटी दूर डोंगरातल्या गावी, सासरी. ती फुलं-वेली काढायची आणि कॉम्प्युटरवरून इकडे फोन लावायची. तो मी घ्यायचो. ताई रंग भरायच्या, मग तयार नमुना मीच फोन लावून कापडगिरणीला पाठवायचो. येणारं आणि जाणारं, दोन्ही माझ्याच गळ्यात.

येणारं मी नीट सांभाळायचो. पाठवण्यात मात्र आमची गोगलगाय. एक नमुना गिरणीत पोचेपर्यंत ताईंचा चहा गार व्हायचा, दुसरा केला तर तोही गार व्हायचा. गिरणीचे साहेब वैतागले. मग एके दिवशी यजमान नवा मॉडेम घेऊन आले. काळा, चपटा, आणि तोरा तर विचारूच नका.

"दोघांची तुलना करू," ते म्हणाले. "जो जिंकेल तो राहील. हरेल त्याला दुकानदार परत घेतो म्हणालाय."



आधी गिरणीला फोन लावून पाहिला. चहाला उकळी फुटायच्या आत नव्या मॉडेमनं नमुना पोचवला. यजमान माझी वायर गुंडाळू लागले. तेवढ्यात धाकटीचा फोन आला. नव्यानं तो ऐटीत घेतला आणि लगेच तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. डोंगरातली ती तार जुनी, सारखी खरखरणारी. नव्याला आपला वेग काही सोडवेना.

शेवटी धाकटी साध्या फोनवर बोलली. "ताई, काहीच जात नाहीये गं. तू तिथलीच कुणी चित्र काढणारी बघ. माझ्यामुळे तुझं अडायला नको."

सासरी धाकटीचं स्वतःचं म्हणावं असं हे एकच काम होतं, हे ताईंना ठाऊक होतं.

"वेडी आहेस का? थांब, परत लाव," त्या म्हणाल्या. "अहो, जुना जोडा."

पुन्हा फोन वाजला. मी घेतला. वेग कमी केला, अजून कमी केला. काही निसटलं की विचारायचो, पुन्हा सांग. रडतखडत का होईना, फुलं येत राहिली.

"आली गं सगळी, शेवटच्या पानासकट," ताई फोनवर म्हणाल्या.

"म्हणजे जिंकलं कोण?" यजमानांनी विचारलं.

"दोघंही राहतील. जाणारं तो बघेल, येणारं हा."

"आणि दुकानदाराला काय सांगू?"

"सांगा, माझ्या बहिणीला लागतो."

आता नमुने मॉडेमशिवायच गिरणीला जातात, त्यामुळे माझ्या जोडीदारालाही काम उरलेलं नाही. आम्ही दोघं फडताळावर शेजारी शेजारी बसतो. त्याचा तोरा उतरलाय, बरा वाटतो. मध्यंतरी यजमान आम्हाला भंगारात काढत होते. "राहू द्या हो दाजी," असं म्हणून कुणीतरी त्यांच्या हातातून मला काढून घेतलं. तुमच्याही घरी असा एखादा जुना असेल तर टाकण्याआधी एवढं विचारा, हा कोणाचे फोन घ्यायचा?

मला आता फोन येत नाहीत. येतील कसे? कामं वाढली, तशी धाकटी बिऱ्हाडासकट इथेच राहायला आली. ती टेबलाच्या पलीकडे बसते, फुलं काढते आणि कागद हातानं ताईंकडे सरकवते.