नणंदबाईंचा करारनामा

घर घ्यायचं ठरलं तेव्हा सूनबाईंनी नवऱ्याला एकच अट घातली होती. एजंट कुणीही चालेल, पण तुझी बहीण नको! नणंदबाई बरीच वर्षं घरांच्या खरेदी-विक्रीचं काम करत होत्या आणि त्यात त्यांचं नावही होतं. पण घरात त्यांना सगळे फौजदार म्हणायचे, ते काही उगाच नाही. लहानपणी भावाने चोरून खाल्लेल्या बिस्किटांचा तपाससुद्धा त्यांनी तडीला नेला होता म्हणे. नवरा मात्र मऊ मेण. "अगं, घरचं माणूस असताना परक्याकडे कशाला?" असं म्हणत म्हणत त्याने बायकोला बहिणीच्या ऑफिसात नेऊन बसवलंच.

नणंदबाईंनी पाण्याचे ग्लास पुढे केले आणि दोघांसमोर करारनामा ठेवला.

"आपण आधी हे वाचून घ्या."

"आपण?" भाऊ खो खो हसला. "ताई, मी आहे गं!"

"इथे आपण ग्राहक आहात." नणंदबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. भावाने सही करायला पेन उचललं, तेव्हा मात्र त्याच्या हातावर सख्ख्या बहिणीची चापट बसली. "न वाचता सही म्हणजे डोळे मिटून विहिरीत उडी. वाचा, आणि काय कळलं ते मला सांगा."

ही काय शाळा आहे? सूनबाईंचं डोकं तापलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारी बाई ती. आज तिच्यावरच वेळ आली होती. पण वाचायचंच तर नीट वाचू, म्हणून त्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या आणि एका कलमाशी थबकल्या.

"सहा महिने आम्ही फक्त तुमच्यामार्फत घर घ्यायचं. म्हणजे मी स्वतः शोधलं, तरी दलाली तुम्हालाच?"

"हो."

"आणि तुमचं काम नाही पटलं तर? सहा महिने तुमच्या दावणीला?"

"बरोबर अडलात," नणंदबाई म्हणाल्या. त्यांनी सहा खोडून तीन केले, लेखी कळवून करार केव्हाही मोडता येईल अशी ओळ खाली लिहिली आणि शेजारी तिघांच्या सह्या घेतल्या. सूनबाई चाटच पडल्या. कंबर कसून भांडायला यावं आणि समोरच्याने म्हणावं, तुमचंच खरं!

"आता माझ्या बाजूचं ऐका. मी फक्त तुमच्यासाठी काम करणार. विकणाऱ्याकडून एक पैसाही घेणार नाही. आणि तुम्ही मला जे सांगाल ते माझ्यापाशीच राहील, करार संपल्यावरसुद्धा. तर सांगा, फोनवर तळमजलाच हवा म्हणाला होतात, तो का?"

नवरा छताकडे बघू लागला. सूनबाईंना खरं सांगावंच लागलं. त्यांची आई भावाकडे चौथ्या मजल्यावर राहत होती. खुबा मोडल्यापासून ती वॉकर धरून चालायची, लिफ्ट नव्हती, आणि किती तरी महिन्यांत तिने रस्ता पाहिला नव्हता. तिला आपल्याकडे आणायचं होतं. सासूबाईंना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. लेकाच्या नव्या घरातली जास्तीची खोली आपली, असं त्यांनी तर नात्यागोत्यात जाहीरही करून टाकलं होतं.

सांगून झालं आणि सूनबाईंनी जीभ चावली. फौजदार सासूबाईंचीच लेक, त्यांच्याच घरात राहणारी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या की आपण!

रविवारी सगळे सासूबाईंकडे जेवायला जमले, तेव्हा त्यांनी वाढता वाढता बातमी दिली. "आपल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं घर निघालंय. माझ्या मैत्रिणीचं. लेक वर, मी खाली. त्या जास्तीच्या खोलीत माझी शिलाई मशीन राहील. आणि तुला गं, दोन्हीकडून दलाली सुटेल!"

सूनबाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. संपलं सगळं.

"ते घर त्यांना चालणार नाही, आई," नणंदबाई शांतपणे म्हणाल्या.

"का?"

"ते मी सांगू शकत नाही."

"अगं, आई आहे मी तुझी!"

"आहेस. पण काम मी त्यांचं घेतलंय."

मग काय, आकाशपाताळ एक झालं. सासूबाईंनी लेकीशी बोलणंच टाकलं. एका घरात दोघी, आणि निरोप भिंतीला! धंद्यापायी फौजदाराने आईला तोडलं, असं नातेवाईक एकमेकांना फोन करून सांगू लागले. नणंदबाई एकच वाक्य बोलल्या असत्या तर सगळं वादळ सूनबाईंकडे वळलं असतं. पण त्या बोलल्या नाहीत. उलट रोज नवी घरं पालथी घालत होत्या. एका घराच्या भिंतीला हात लावून त्यांनी ओल शोधली, दुसरं बाथरूमच्या उंच उंबरठ्यासाठी सोडलं. "वॉकर इथे अडेल," म्हणाल्या, तेव्हा सूनबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईच्या स्वतःच्या मुलालाही सुचलं नसतं ते!

शेवटी हवं तसं घर मिळालं. दारापर्यंत सपाट रस्ता, खिडकीसमोर माणसांची वर्दळ. दुसऱ्या दिवशी विसार द्यायचा होता. आता गप्प बसलं की काम फत्ते. सासूबाईंनी रडून गोंधळ घातला, तर हा मेणाचा नवरा वितळणार, हेही सूनबाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या उठल्या आणि सासूबाईंकडे गेल्या. आपल्या आईसाठी दुसऱ्या बाईने स्वतःच्या आईची बोलणी किती दिवस खायची?

"आई, ती खोली माझ्या आईसाठी हवी आहे. तिला जिना चढवत नाही."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. मग लेकीकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

नणंदबाईंनी सूनबाईंकडे पाहिलं.

"सांगा ताई," सूनबाई म्हणाल्या.

"हो आई. पहिल्या दिवसापासून."

"आणि मी तुला काय काय बोलले गं! मला आधी सांगितलं असतं, तर मी काय नाही म्हणणार होते?" सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "म्हणालेच असते म्हणा."

दुसऱ्या दिवशी सूनबाई विसार द्यायला ऑफिसात गेल्या, तर ग्राहकाच्या खुर्चीत सासूबाई! नाकावर चष्मा, समोर करारनामा, आणि नणंदबाई आईला एकेक कलम वाचून दाखवत होत्या.

"तू जरा बाहेर बस गं," सासूबाई म्हणाल्या. "माझं खासगी काम आहे."

दार लागलं. आतून सासूबाईंचा हळू आवाज बराच वेळ येत राहिला, मधूनच रडल्यासारखाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण चाल हलकी होती. "तुझी आई राहायला आली की मला बोलव. बसायला येईन," एवढं बोलून त्या निघून गेल्या.

सासूबाईंना कसलं घर हवं होतं, कुणासाठी, कुणाला न कळता, हे सूनबाईंनी नणंदबाईंना विचारलं नाही. विचारून उत्तर मिळणार नव्हतं, आणि ते मिळणार नाही याचाच त्यांना केवढा अभिमान वाटला.