चिनी अक्षरांवरची रेघ

"ज्याच्या हातात कुंचला ताठ उभा राहतो, त्याचं आयुष्यात काहीही वाकडं होत नाही," असं शिवराम हिवाळे यांनी वर्तकनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात जाहीर केलं, आणि त्याच ओघात त्यांचं कोपर लागून शाईची वाटी मंजुळाबाईंनी निवडून ठेवलेल्या तांदळात पालथी झाली.

मंजुळाबाईंनी आधी तांदळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"काळा तांदूळ शुगरला चांगला असतो म्हणे," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच वाढते."

शिवरामराव वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. फूटपट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा माणूस अशी त्यांची ख्याती. पाहुण्यांना मशिनं दाखवून झाली की साहेब त्यांना शिवरामरावांच्या टेबलापाशी आणत आणि म्हणत, "हिवाळे, एक मारून दाखवा." पुढे कंपनीत कॉम्प्युटर आला आणि रेघा तोच मारू लागला. शिवरामरावांना मग कुणी एक मारून दाखवा असं म्हटलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसं साधारणपणे आपल्या गुडघ्यांकडे वळतात. शिवरामराव चिनी कुंचल्याकडे वळले.

तैवानमधले एक गुरुजी मोबाइलवर शिकवत. कुंचला मागवला, शाईची कांडी मागवली. कांडी पाण्यात उगाळायला दगड लागतो, तो मात्र घरातच निघाला. लेक प्रियांका लहान असताना तिची बाळगुटी जिच्यावर उगाळली, ती सहाण. अडचण इतकीच, की प्रियांका नेमकी बाळंतपणाला माहेरी आलेली होती आणि सहाणेला पुन्हा मूळ नोकरी लागली होती. त्यामुळे सकाळी तिच्यावर वेखंड आणि हळकुंड, आणि दुपारी चीन, अशा पाळ्या लागल्या.

सरावासाठी शिवरामराव पाण्यात कुंचला बुडवून ओट्याच्या काळ्या कडाप्प्यावर अक्षरं काढत. ती वाळून गेली की पुन्हा काढत. ओटा एवढा स्वच्छ कधीच नव्हता, आणि चिनी संस्कृतीचा हा एक फायदा मंजुळाबाई मोकळ्या मनाने मान्य करीत.

सगळं जमलं होतं, एक गोष्ट सोडून. हात मराठी शाळेत शिकलेला. अक्षरं लिहून झाली की वर जाऊन डावीकडून उजवीकडे सबंध रेघ ओढल्याशिवाय काम संपलं असं त्याला वाटतच नसे. चिनी अक्षरांना अशी सामायिक रेघ नसते. ती आपापल्या चौकोनात एकेकटी राहतात, शेजाऱ्याशी संबंध ठेवत नाहीत, ठाण्यातल्या नव्या टॉवरमधल्या कुटुंबांसारखी.

"पप्पा, हात परत वर गेलेला," मांडीवरच्या बाळाला थोपटत प्रियांका सांगायची.

"त्याला मी जाऊ दिलं. बघत होतो, जातो का."

"गेला ना पण."

"म्हणूनच बघत होतो."

शेवटी त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवायला सुरुवात केली आणि ती खोड मोडली. निदान ओट्यावर तरी.

पण आता प्रश्न भिंतीचा होता. शीळफाट्याच्या पुढे, कल्याणच्या अंगाला नवा विहार उभा राहिला होता आणि तैवानहून भिक्खुणी हुई-आन तिथे भेट देणार होत्या. त्या स्वतः कुंचल्याच्या मोठ्या गुरू. विहाराच्या सभागृहात समोरची एक भिंत रिकामी होती. तिच्यावर मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही चार तत्त्वं चार चिनी अक्षरांत आपल्या हातची लागावीत, एवढंच शिवरामरावांचं म्हणणं. आयुष्यभर त्यांनी काढलेले सगळे नकाशे गुंडाळ्या होऊन कंपनीच्या कपाटात गेले होते. भिंतीवर काहीच गेलं नव्हतं.

कमिटीचे अध्यक्ष मारुतीराव खरात सावध गृहस्थ. ते म्हणाले, पाहुण्यांसमोर लिहा, त्यांनी पसंत केलं तर फ्रेम करून लावू. आणि लगेच त्यांनी त्याच चार अक्षरांचा फ्लेक्स छापायला टाकला.

भेटीच्या रविवारी विहाराच्या दारातच मारुतीराव भेटले. "जय भीम, हिवाळे. फ्लेक्स गाडीत आहे."

"जय भीम. राहू दे गाडीत."

"राहणारच आहे. सांगून ठेवलं."

भिक्खुणी हुई-आन उंचीने लहानशा, वयाने बऱ्याच पुढे गेलेल्या, आणि नजर अशी की समोरच्याने नकळत शर्टाची बटणं तपासावीत. सोबत एक दुभाषी मुलगी होती. मंजुळाबाई, प्रियांका आणि बाळ पहिल्या रांगेत बसले. शिवरामरावांनी कागद अंथरला, सहाण काढली आणि कांडी उगाळायला घेतली. भिक्खुणींनी वाकून सहाणेचा वास घेतला. त्यांनी काहीतरी विचारलं.

"या शाईला हळदीचा वास कसा, असं विचारतायत," दुभाषी म्हणाली.

"आमच्याकडची शाई औषधी असते," शिवरामराव म्हणाले.

मग त्यांनी कुंचला उभा धरला. या विद्येचा नियम कडक आहे: एकदा टेकवलेला कुंचला गिरवायचा नाही, खोडायचं नाही, मागे जायचं नाही. पहिलं अक्षर उतरलं. भिक्खुणींनी मान हलवली. दुसरं उतरलं, तिसरं त्याहून बरं उतरलं. चौथ्याचा शेवटचा फराटा सुटला आणि सभागृहात टाळ्या सुरू झाल्या.

टाळ्यांनीच घात केला. शिवरामरावांना वाटलं काम झालं, आणि काम झालं म्हटल्यावर हाताला जे ठाऊक होतं ते त्याने केलं. तो वर गेला आणि चारही अक्षरांच्या डोक्यावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात रेघ ओढून मोकळा झाला. करुणा आणि उपेक्षा दोरीवर वाळत घातल्यासारख्या दिसू लागल्या.

टाळ्या थांबल्या.

"गाडीची चावी कुणाकडे आहे?" मारुतीरावांनी हळू आवाजात विचारलं.

भिक्खुणी हुई-आन पुढे आल्या. त्यांनी रेघेकडे पाहिलं, बाजूने पाहिलं, मग डोळे कागदाच्या पातळीला आणून पाहिलं.

"ही रेघ काय आहे, असं विचारतायत."

गप्प बसायचा प्रसंग होता, पण शिवरामरावांना ती सवय नव्हती. "आमच्याकडे अक्षरांना उघड्यावर ठेवत नाहीत," ते म्हणाले. "वर छप्पर घालतो. सगळ्यांना मिळून एकच."

दुभाषीने ते सांगितलं. भिक्खुणी पुन्हा एकदा रेघेकडे वळल्या आणि भरभर बोलल्या.

"त्या म्हणतायत, चार अक्षरं चांगल्या विद्यार्थ्याची आहेत. प्रत्येकात गुरुजींची भीती दिसते. रेघेत दिसत नाही. आणि..." दुभाषी जरा अडखळली, "एक मारून दाखवाल का, म्हणतायत."

शिवरामरावांनी कोरा कागद ओढला आणि रेघ मारली. फूटपट्टीला लाज वाटावी अशी. भिक्खुणींनी कुंचला मागून घेतला आणि शेजारी स्वतः ओढून पाहिली. त्यांच्या रेघेला सुरुवातीला एक गाठ आली, शेवटी दुसरी, आणि मध्ये ती जराशी वर चढली, जशी त्यांच्याकडे चढावीच लागते. त्यांनी पुन्हा ओढली. पुन्हा चढली. मग त्या हसल्या, झोळीतून एक छोटा दगडी शिक्का काढला, लाल रंगात दाबला आणि चार अक्षरांच्या, छपरासकटच्या कागदाच्या कोपऱ्यात उमटवला.

पसंतीचा हा रिवाज कुणाला समजावून सांगावा लागला नाही. मारुतीरावांनी उभा जन्म सरकारी ऑफिसात काढला होता, आणि शिक्का बसला म्हणजे विषय संपला, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? फ्लेक्स गाडीतून आला खरा, पण तो उलटा करून चहाच्या टेबलावर अंथरला गेला. कागद टाचण्या लावून भिंतीवर चढला. लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढू लागले आणि मारुतीराव, आपण सुरुवातीपासून हेच म्हणत होतो, असं एकेकाला सांगू लागले.

शिवरामरावांनी भिंतीकडे पाहिलं. घसा साफ केला. माइक अजून चालू होता.

"कुंचल्याला देश नसतो," ते म्हणाले. "ज्याच्या हातात रेघ आहे, त्याच्यापुढे समुद्रसुद्धा—"

"अहो," पहिल्या रांगेतून मंजुळाबाई म्हणाल्या, "ती सहाण तेवढी धुऊन द्या. बाळाची गुटी राहिलीय."