पडणं स्वस्त हवं

टिकली सहा वर्षांची, आणि "मला येत नाही" हे तिचं पाठ झालेलं वाक्य. सायकलवरून एकदा पडली, तेव्हापासून सायकल जिन्याखाली. कोड्याचा एक तुकडा बसला नाही की डबा बंद. काहीही हातात घेण्याआधी ती आईच्या तोंडाकडे बघायची, आणि आईच्या मनात यायचं: पोर अशीच राहिली तर?

धाकटा दीर मागच्या खोलीत बसून व्हिडिओ गेम बनवायचा. "वहिनी, पोरगी तासभर उसनी द्या, गेम तपासायचाय," असं तो म्हणाला, तेव्हा टिकलीच्या मागोमाग आईही जाऊन बसली. लेकीला एकटं सोडणं तिच्या रक्तातच नव्हतं.

पडद्यावर करडे ठोकळे, एक चेंडू आणि एक खड्डा. बस.

"भाऊजी, इतके महिने दार लावून हेच केलंत?"

"चित्रं, गाणी, गोष्ट सगळं नंतर. आधी बोटांना काय करायला मिळतं, आणि ते पुन्हा करावंसं वाटतं का, ते बघायचं. त्यालाच गेमप्ले म्हणतात. तो जमला नाही, तर बाकी सगळं म्हणजे अळणी भाजीवर कोथिंबीर."

टिकलीने चेंडू खड्ड्याच्या काठापर्यंत नेला, थांबली आणि मान वळवली.

"अगं, उडी मार ना! वरचं बटण!" आई बोलून गेली.

टिकलीने कंट्रोलर आईच्या मांडीवर ठेवला. "तुलाच येतंय ना? मग तूच खेळ."

दिराने कपाळाला हात लावला. "नासली चाचणी! वहिनी, उद्या गेम विकला की घरोघरी तुम्ही जाऊन बसणार आहात का? काय करायचं ते खड्ड्याने सांगायचं. बघणाऱ्याने ब्रसुद्धा काढायचा नाही, असा आमच्यात नियम आहे. हाताची घडी, तोंडावर बोट!"

खटपट करून त्याने नवा खड्डा केला, उडीने न ओलांडता येणारा. शेजारी एक मोकळा ठोकळा ठेवला.

टिकलीने पुन्हा आईकडे पाहिलं. आईने खरंच तोंडावर बोट ठेवलं. जीभ नुसती वळवळत होती.

टिकलीने उडी मारली. भदकन आवाज करून चेंडू आत पडला, आणि लगेच अंग झटकून काठावर उभा राहिला. टिकली खुदकन हसली. पुन्हा पडली. मग तर मुद्दाम पडली.

दिराचं पडद्याकडे लक्षच नव्हतं, तो पुतणीचा चेहरा न्याहाळत होता. "आधी पडलं की पार पहिल्यापासून यावं लागायचं," तो कुजबुजला. "माणसं खेळ टाकून जायची. म्हणून पडणं स्वस्त केलं."

आता आईनेच डोळे वटारून त्याला गप्प केलं.

टिकली थबकली. चेंडूने ठोकळ्याला धडक दिली. ठोकळा सरकला, खड्ड्यात चपखल बसला, आणि चेंडू घरंगळत पलीकडे गेला.

"जमलं!" ती ओरडली. पडद्याकडे बघूनच.

लेक आपल्याकडे वळली नाही याचा एवढा आनंद कुठल्या आईला झाला असेल? तिने डोळ्यांना पदर लावला. घरच्या माणसाचे आभार मानायचे तरी कसे?

"वहिनी, रडणार असाल तर लांब बसून रडा. कीबोर्ड नवा आहे."

"काका, याहून मोठा खड्डा कर ना!"

दिराने वहिनीकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं.

"करा हो, भाऊजी," डोळे पुसत ती म्हणाली, "चांगला खोल करा."